सहाव्या पायरीवर मोडलेला नियम

चार-पाच उदाहरणांत जमलं की नियम सिद्ध झाला, असं मानणारे पुष्कळ भेटतात. त्यांच्यापुढे मी ४,२९,४९,६७,२९७ ही संख्या ठेवतो. ही म्हणजे २ चा ३२वा घात अधिक १.

२ चा घात घ्यायचा आणि त्यात १ मिळवायचा. घातांक मात्र १, २, ४, ८, १६ असे दुपटीने वाढवायचे. मिळतात ३, ५, १७, २५७, ६५५३७. पाचही मूळ संख्या! फ्रान्समधल्या पिएर द फर्मा या गणितज्ञाला १६४० च्या सुमारास वाटलं, हे असंच चालत राहणार. पुढचा घातांक ३२. तिथे १७३२ मध्ये ऑयलर या स्विस गणितज्ञाने दाखवलं की आपल्या संख्येला ६४१ ने भाग जातो: ६४१ × ६७,००,४१७.

हा भागाकार प्रत्यक्ष न करताही पटवता येतो, आणि मला यातलं सगळ्यात देखणं तेच वाटतं. लक्ष फक्त ६४१ ने भागल्यावर उरणाऱ्या बाकीवर ठेवायचं. ६४० ही संख्या ६४१ ला एकाने कमी पडते, म्हणून तिची बाकी −१ धरू. आता ६४० = ५ × २⁷. दोन्हीकडे चौथा घात घेतला की −१ चा १ होतो. म्हणजे ५⁴ × २²⁸ ची बाकी १. दुसरीकडे ६४१ = ६२५ + १६, म्हणजेच ५⁴ + २⁴. म्हणून बाकीच्या हिशेबात ५⁴ च्या जागी −२⁴ लिहिता येतं. तसं लिहिलं की −२³² ची बाकी १ येते, म्हणजे २³² ची −१. त्यात १ मिळवा, बाकी शून्य!

पण ६४१ शोधायचा कसा? या संख्येच्या प्रत्येक मूळ विभाजकाला ६४ ने भागल्यावर बाकी १च उरते, हे ऑयलरनेच पुढे सिद्ध केलं. अशा मूळ संख्या क्रमाने १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पाचव्या प्रयत्नात काम फत्ते. या सिद्धतेत फर्माचाच एक प्रमेय वापरावा लागतो.

अंकज्योतिषी याच संख्येचे अंक, एकच अंक उरेपर्यंत, मिळवत जाऊन ‘५’ काढतील आणि त्यावरून कुणाचंही भविष्य सांगतील. तो ५ म्हणजे ९ ने भागल्यावरची बाकी, एवढंच. आपण दहाच्या पटीत न मोजता सोळाच्या पटीत मोजत असतो, तर तो अंक वेगळा आला असता. ६४१ ने जाणारा भाग मात्र संख्या कशीही लिहा, जातोच. फोन नंबर नि गाडीच्या नंबरासाठी जादा पैसे मोजणाऱ्यांनी हे जरूर पाहावं.

६५५३७ नंतर या मालिकेत एकही मूळ संख्या सापडलेली नाही. घातांक २³² पर्यंतच्या पुढच्या सगळ्या संख्या विभाज्य असल्याचं सिद्ध झालं आहे. त्यानंतरच्या, म्हणजे २³³ घातांकाच्या संख्येत २५८ कोटींहून जास्त अंक आहेत. ती मूळ की विभाज्य, हा प्रश्न अजून सुटलेला नाही.