नॉर्मल स्कूल (नागपूर)

प्राथमिक शाळांसाठी शिक्षक तयार करणारी जुनी संस्था. आजच्या अध्यापक विद्यालयाची पूर्वज. नागपूरकडे ‘नार्मल’ असा उच्चार. ‘मास्तर नार्मल पास आहेत’ एवढे सांगितले की भागत असे.

‘नॉर्मल’ म्हणजे साधारण, हा समज चुकीचा. लॅटिन ‘नोर्मा’ म्हणजे सुताराचा गुण्या, काटकोन तपासण्याचे साधन. त्यावरून मानदंड, नमुना. उगमाविषयी मतभेद आहेत. एक मत झाँ-बातिस्त द ला साल यांनी १६८५ च्या सुमारास फ्रान्समधील रँस येथे काढलेल्या शिक्षक-प्रशिक्षण वर्गाला मान देते. दुसरे पॅरिसच्या ‘एकोल नॉर्माल’ला; तिचा ठराव १७९४ चा, आणि वर्ग जानेवारी १७९५ मध्ये सुरू होऊन काही महिन्यांतच बंद पडले. मात्र व्हिएन्नात ‘नॉर्मालशूले’ १७७१ मध्येच होती, आणि १७७४ च्या ऑस्ट्रियन शालेय कायद्याने ती प्रांतोप्रांती नेली. संस्था आणि तिचे नाव यांचा उगम एकच धरल्याने हा घोळ झालेला दिसतो. नावापुरते व्हिएन्नाचे पारडे जड आहे.

१८५४ च्या चार्ल्स वुड यांच्या शिक्षणविषयक खलित्याने भारतात अशा शाळांची शिफारस केली. नागपूरकर भोसल्यांचे राज्य खालसा झाले ते याच सुमारास. १८६१ मध्ये मध्य प्रांत झाला, पुढल्या वर्षी शिक्षण खाते आले आणि नागपूर, जबलपूर येथे नॉर्मल स्कुले चालू लागली. वऱ्हाडचा कारभार १९०३ पर्यंत वेगळा असल्याने आपला पूर्वज तिकडे शिक्षक असेल तर त्याचा त्याआधीचा माग नागपूरच्या दप्तरात काढू नये.

पूर्वजाच्या शिक्षणाचा शोध नॉर्मल स्कुलापासून नव्हे, गावच्या शाळेच्या दाखल-खारीज नोंदवहीपासून करावा. नाव, बापाचे नाव, जात, जन्मतारीख, पूर्वीची शाळा, सोडल्याचे कारण असे तिचे रकाने. आडनाव पुष्कळदा नसते. जन्मतारीख अनेकदा गुरुजींनी अंदाजाने घातलेली. काही जुन्या नोंदी मोडी लिपीत आहेत. नोकरीचा तपशील सेवापुस्तिकेत मिळतो, पण शाळा आधी डिस्ट्रिक्ट कौन्सिलकडे, १९४८ नंतर जनपद सभेकडे (तहसील पातळीवरची स्थानिक संस्था) आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदेकडे, अशी दप्तरे हात बदलत गेली. १९५६ मध्ये विदर्भ मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला, तेव्हा जबलपूरकडे नोकरी केलेल्या नागपूरकराचे कागद मध्य प्रदेशातच राहिले. शिक्षण खात्याचे जुने कागद नागपूरच्या पुराभिलेखागारात पाहावेत.

हल्ली या नोंदवह्या मुख्यतः जात पडताळणीसाठी उघडल्या जातात. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो, आणि आजोबांच्या दाखल्यातला जातीचा रकाना तिथे निर्णायक ठरू शकतो.