नववा महिना, पपई आणि खजूर

नागपूरच्या सीताबर्डीवर पपईची गाडी दिसली आणि भावजयीचे पाय थांबले. तिला नववा लागलाय. मागून आई ओरडली, "हात नोको लावू माय त्याले, कळा सुरू होतीन!" भावजय मुकाट्यानं पुढे निघाली. तरी मी दोन पपया घेतल्याच, एक हिरवीगार, एक पिकून मऊ झालेली.

घरी आल्यावर आईसमोर दोन्हींवर नखानं ओरखडा काढला. हिरवीवर दुधासारखे थेंब टरारून उभे राहिले, पिकलेलीवर काहीच नाही. तो चीक. मटण लवकर शिजावं म्हणून आपण कच्ची पपई लावतो, ती याच चिकातल्या पपेन नावाच्या, मांस मऊ करणाऱ्या एन्झाइमसाठी. २००२ साली सिंगापूरच्या संशोधकांनी उंदरांच्या गर्भाशयाच्या तुकड्यांवर हा चीक वापरून पाहिला, तेव्हा स्नायू कळा आल्यासारखे आवळले. पिकलेल्या पपईच्या रसानं तसं झालं नाही. म्हणजे आईची भीती पोकळ नव्हतीच, फक्त ती सरसकट सगळ्या पपईला लागली होती. कच्ची आणि अर्धीकच्ची टाळावी, हे मीही म्हणेन.

अननसाचंही असंच नाव खराब झालंय. त्यातलं ब्रोमेलेन, म्हणजे पपेनसारखंच एन्झाइम, मुख्यतः झाडाच्या खोडात असतं, आणि फळातून पोटात गेलेलं बरंचसं तिथेच पचतं. आपल्या संत्र्याचा कळांशी काही संबंध नाही. लोहाच्या गोळीसोबत मात्र ते जरूर खावं, त्यातल्या क जीवनसत्त्वानं लोह चांगलं शोषलं जातं.

खरी उत्सुकता खजुराची. शेवटच्या महिन्यात खजूर खाल्ला की कळा लवकर येतात, बाळंतपण सोपं होतं, असं म्हणतात. जॉर्डनमध्ये ६९ बायकांनी अपेक्षित तारखेआधीचे चार आठवडे रोज सहा खजूर खाल्ले, ४५ जणींनी खाल्ले नाहीत. २०११ साली निष्कर्ष छापून आले. दवाखान्यात आल्या तेव्हा खजूरवाल्यांचं गर्भाशयाचं तोंड सरासरी साडेतीन सेंटिमीटर उघडलेलं होतं, इतरांचं दोन. कळा आपणहून सुरू झाल्या ९६ टक्के जणींना. दुसऱ्या गटात ७९. कळांचा सुरुवातीचा रेंगाळणारा टप्पाही बराच आखूड झाला. पण हे गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते, त्यामुळे फरक खजुराचाच की बायकांच्या तब्येतींचा, हे सांगणं अवघड. मलेशियात ती काळजी घेतली गेली. ३७व्या आठवड्यापासून रोज सात खजूर. २०१७ साली तिथून कळलं, की खजुरानं कळा लवकर सुरू झाल्या नाहीत, पण कळा वाढवायचं औषध ५० ऐवजी ३७ टक्के जणींनाच लागलं. मला हा निकाल जास्त भरवशाचा वाटतो. बाळंतपणाची तारीख खजुरानं अलीकडे येत नाही. एकदा कळा लागल्या की काहींना थोडी मदत होते, एवढंच.

आणि खजुरात साधारण दोन तृतीयांश साखर असते. भावजयीची शुगर सातव्या महिन्यापासून वाढलेली आहे. इतवारीतून आणलेला खजुराचा डबा आईनं वरच्या फळीवर ठेवलाय, डॉक्टरीणबाईंना विचारल्याशिवाय तो उघडायचा नाही असं ठरलंय.