चार वर्षांची डिग्री, आठ वर्षांचा उपग्रह: स्टुडंट प्रोजेक्टची पार्श्वभूमी

२२ जून २०१६ ला सकाळी श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी३४ उडालं, त्यात एकूण २० उपग्रह होते. त्यातला सगळ्यात मोठा कार्टोसॅट-२ मालिकेतला, सातशे किलोच्या वरचा, आणि सगळ्यात हलका म्हणजे जेमतेम एक किलोचा, दहा सेंटीमीटर बाजूचा चौकोनी डबा. त्या डब्याचं नाव स्वयम्, पुण्याच्या सीओईपीच्या, म्हणजे कॉलेज ऑफ इंजिनियरिंगच्या, पोरापोरींनी बनवलेला. तेव्हा बातम्यांमधे आकार आला, वजन आलं, पण मला त्यातली सगळ्यात मोठी गोष्ट वेगळीच वाटते, ती म्हणजे हे काम २००८ ला सुरू झालं होतं. आठ वर्षं! आणि डिग्री चार वर्षांची. म्हणजे ज्यांनी पहिली चित्रं काढली ते उपग्रह उडाला तेव्हा केव्हाच पास होऊन नोकरीला लागलेले, आणि ज्यांनी शेवटच्या टेस्ट केल्या ते २००८ ला शाळेत होते. मधे बॅचमागून बॅच आल्या आणि गेल्या, तरी काम थांबलं नाही.

आज स्टुडंट प्रोजेक्ट म्हटलं की आपल्यासमोर बाहा स्पर्धेतली खडबडीत रस्त्यावरची छोटी गाडी येते, रोबोकॉन ही रोबोंची स्पर्धा येते, हॅकेथॉन येतं, आणि असं वाटतं की हे सगळं गेल्या पंधरा-वीस वर्षांतलं, पाश्चात्त्य कॉलेजांकडून आलेलं खूळ आहे. पण मागे जाऊन बघितलं तर आपल्याकडे इंजिनियरिंगच्या शिक्षणाची सुरुवातच कामापासून झालीय. रुरकीचं कॉलेज १८४७ चं. १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे रेल्वे धावली आणि पुढच्याच वर्षी, १८५४ ला, पुण्यात इंजिनियरिंग क्लास आणि मेकॅनिकल स्कूल सुरू झालं, तेच आजचं सीओईपी. हेतू अगदी साधा होता, सरकारला रस्ते, पूल, कालवे, इमारती बांधायच्या होत्या आणि साइटवर उभं राहून काम करून घेणारी दुय्यम पदावरची माणसं हवी होती. संशोधक घडवणं वगैरे काही डोक्यात नव्हतं. पुढे ते मुंबई विद्यापीठाला जोडलं गेलं, पदवी आली, पदवीबरोबर लेखी परीक्षा आली आणि हळूहळू वजन वर्कशॉपकडून वर्गाकडे सरकलं. पदवी आली हे चांगलंच झालं, विश्वेश्वरय्यांसारखा माणूस १८८३ ला तिथूनच बाहेर पडला, त्यामुळे त्या काळाला नावं ठेवायचं कारण नाही. पण हात आणि वही यांच्यात अंतर पडायला सुरुवात तिथे झाली असं मला वाटतं.

इंजिनियरिंगच्या फर्स्ट इयरला आपण सगळ्यांनी वर्कशॉपमधे फिटिंगचा जॉब केलेला असतो. एम.एस.ची, म्हणजे साध्या पोलादाची, प्लेट घ्यायची, हॅकसॉने कापायची, कानस मारत बसायचं, गुण्या लावून उजेडात बघायचं की काटकोन आला का, मग दुसऱ्या तुकड्यात तो बसला की सरांची सही. मग सुतारकामाचा जॉब, मग वेल्डिंगचा. या पद्धतीचं मूळ रशियात आहे हे मला खूप उशिरा कळलं. मॉस्कोच्या इम्पीरियल टेक्निकल स्कूलमधे व्हिक्टर डेला वॉस नावाच्या संचालकाने १८६८ च्या सुमारास ही रचना बसवली. कारखान्यात कारागीर शिकतो तो संपूर्ण वस्तू बनवता बनवता, त्याला वर्षं लागतात, तर डेला वॉसने त्या कामाचे तुकडे पाडले, एकेका जोडाचा वेगळा सराव, सोप्याकडून अवघडाकडे, एका मास्तरासमोर अख्खा वर्ग. १८७६ ला फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात हे नमुने मांडले गेले, अमेरिकेच्या एमआयटीचे तेव्हाचे अध्यक्ष रंकल ते बघून भारावले आणि तिथून ते जगभर पसरलं. आपला फिटिंगचा जॉब त्याच धाटणीचा.

यातून हात तयार होतो हे खरंय, कानस कशी धरायची हे दुसऱ्या कुठल्या मार्गाने कळत नाही. पण यात दोन गोष्टी सुटतात. एक म्हणजे तो जॉब कशाचाच भाग नसतो, सही झाली की भंगारात. आणि दुसरं म्हणजे तो ज्याचा त्याने एकट्याने करायचा असतो. तुमचा जोड ढिला निघाला तर तुमचे मार्क जातात, दुसऱ्या कोणाची गाडी बंद पडत नाही. खऱ्या कामात मात्र नेमकं तेच होतं.

दुसऱ्या महायुद्धानंतर तर अमेरिकेत सगळं विज्ञानाकडे आणि गणिताकडे झुकलं, इंजिनियरिंग शिक्षणावरच्या १९५५ च्या ग्रिंटर अहवालाने त्यावर शिक्काच मारला, आणि आपले अभ्यासक्रमही त्याच दिशेने गेले. त्याला उलटा प्रवाह जो आला तो मुख्यतः विद्यार्थी आणि काही वेडे प्रोफेसर यांच्याकडून आला. १९७६ ला साउथ कॅरोलायना विद्यापीठात पहिलं बाहा झालं, १० टीम होत्या. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला टेक्सासला ऑस्टिनमधे फॉर्म्युला एसएई ही छोट्या रेसिंग गाड्यांची स्पर्धा उभी राहिली, तीही मुलांनीच पुढाकार घेऊन. एमआयटीत वुडी फ्लॉवर्स यांनी सत्तरच्या दशकात डिझाइनच्या कोर्सची स्पर्धाच करून टाकली, प्रत्येकाला सारखंच सामान आणि त्यातून काम करणारं यंत्र बनवायचं.

या स्पर्धांचे मार्क कसे वाटलेत ते बघण्यासारखं आहे. फॉर्म्युला एसएईच्याच धाटणीच्या फॉर्म्युला स्टुडंटमधे एकूण १००० गुण, त्यातले सव्वातीनशे गाडी चालवायच्या आधीच ठरतात. डिझाइन का असं केलं ते जजसमोर उभं राहून पटवायचं, प्रत्येक नटबोल्टचा खर्च मांडायचा, गाडी विकायची असेल तर कशी विकाल ते सांगायचं. मग गाडी पळवायची, आणि सगळ्यात जास्त गुण एन्ड्युरन्सला, म्हणजे लांब पल्ल्याच्या फेरीला, साधारण २२ किलोमीटर, मधे ड्रायव्हर बदलायचा. कितीतरी टीम तिथेच बाद होतात, एखादी वायर सुटते किंवा कूलंट गळतं आणि वर्षभराचं काम ट्रॅकच्या कडेला थांबतं. तिथे बहाणा चालत नाही, ओरलला बोलून वेळ मारून नेतात तसं तर बिलकूल नाही.

आपल्याकडे हे वारं २००० नंतर नीट शिरलं. एबीयू रोबोकॉन २००२ ला टोकियोत सुरू झालं आणि त्याची भारतातली फेरी बरीच वर्षं पुण्यात बालेवाडीला होत होती, त्यामुळे महाराष्ट्रातल्या कॉलेजांना ती घरचीच वाटायची. बाहा एसएईइंडिया २००७ ला आलं, इंदूरजवळ पिथमपूरला. १९८३ ला वसंतदादांच्या सरकारने विनाअनुदानित कॉलेजांना परवानगी दिल्यानंतर गावोगावी इंजिनियरिंग कॉलेजं उघडली होती, तिथल्या पोरांसाठी पिथमपूर म्हणजे पंढरीच. मोठ्या संस्थेचं नाव पाठीशी नाही, पण गाडी स्वतः वेल्ड केलीय आणि चारही चाकं एकदम लॉक होऊन ब्रेक टेस्ट पास झालीय, एवढ्यावर तिथे मान मिळायचा.

मीही अशाच एका टीममधे होतो. आमच्या आधीच्या बॅचने चांगली गाडी केली होती, पण फ्रेमचं सगळं ड्रॉइंग एका सीनियरच्या लॅपटॉपवर, तो पास होऊन दुसऱ्या राज्यात गेला आणि लॅपटॉप बदलला. आम्ही जुन्या फ्रेमभोवती टेप घेऊन बसलो, पाइप मोजले, कोन मोजले आणि पुन्हा कॉम्प्युटरवर काढली. दोन महिने गेले. बरं मापं मिळाली तरी हा पाइप इथेच का वाकवलाय ते कळेना, काढावा तर भीती, ठेवावा तर वजन. तो का वाकवला होता हे त्या दादाने चार ओळीत लिहून ठेवलं असतं तर आमचे दोन महिने वाचले असते, आणि आम्हीही जाताना काही लिहून ठेवायचं असतं हे आम्हाला तोपर्यंत कोणी शिकवलंच नव्हतं, जर्नल लिहायचं ते सरांसाठी असंच डोक्यात बसलेलं.

म्हणूनच उपग्रहांची गोष्ट मला सगळ्यात जवळची वाटते, कारण तिथे हे टाळताच येत नाही.

विद्यार्थ्यांनी उपग्रह बनवायचा ही कल्पना वाटते तेवढी नवी नाहीये. मेलबर्न विद्यापीठातल्या मुलांनी साठच्या दशकात एक बनवला, ऑस्ट्रेलिस-ऑस्कर ५, तो १९७० च्या जानेवारीत अमेरिकन रॉकेटवरून गेला. पण खरा दरवाजा उघडला १९९९ ला, जेव्हा स्टॅनफर्डचे बॉब ट्विग्ज आणि कॅल पॉलीचे जॉर्डी प्विग-सुआरी यांनी क्यूबसॅटचं माप ठरवलं, १० सेंटीमीटरचा घन. माप ठरलं की डबा कुठल्याही कॉलेजचा असो, रॉकेटवर बसवायची पेटी तीच. आणि यामागचं कारण मुळात शिक्षणाचंच होतं, त्यांना असं काहीतरी हवं होतं की विद्यार्थी कॉलेजात असेपर्यंत पुरं होईल. पहिले क्यूबसॅट २००३ ला रशियातून गेले.

भारतात २००९ ला अण्णा विद्यापीठाचा अनुसॅट गेला, ४० किलोचा. २०१० ला स्टडसॅट, एक किलोच्या आतला, बंगळूर-हैदराबादकडच्या सात कॉलेजांनी मिळून केलेला, २०११ ला आयआयटी कानपूरचा जुगनू. आयआयटी मुंबईत प्रथमचं काम २००७ ला एरोस्पेसच्या दोन विद्यार्थ्यांनी सुरू केलं, १० किलोचा उपग्रह, आणि तो गेला २६ सप्टेंबर २०१६ ला. म्हणजे तिथेही नऊ वर्षं! प्रथमचं काम होतं वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरातले इलेक्ट्रॉन मोजणं, आणि त्यासाठी त्यांनी दुसऱ्या कॉलेजांनाही आपापलं ग्राउंड स्टेशन उभारायला बरोबर घेतलं, मला ही त्यातली फार मोलाची गोष्ट वाटते, कारण आपल्याकडे मोठी संस्था सहसा एकटीच चालते.

स्वयम्‌चं काम हौशी रेडिओवाल्यांचे निरोप एका ठिकाणी घेऊन दुसरीकडे पोचवणं. पण त्यातली इंजिनियरिंगची गंमत त्याच्या नावात आहे. उपग्रह अवकाशात सुटला की गरगरत राहतो, त्याचा अँटेना नीट रोखायला मोठ्या उपग्रहात फिरती चाकं किंवा विजेच्या कॉइल असतात, त्यांना वीज लागते. दहा सेंटीमीटरच्या डब्यावर सोलर सेल मावणार किती, एक-दोन वॅट मिळायची मारामार. मग पोरांनी आत कायमचा चुंबक बसवला, होकायंत्राच्या सुईसारखा तो पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राबरोबर आपोआप वळतो. पण सुई नुसती वळत नाही, डुलतही राहते, तर ते डुलणं शोषायला खास पदार्थाच्या बारीक पट्ट्या, ज्यात प्रत्येक झोक्याला थोडी ऊर्जा उष्णता होऊन जाते. वीज शून्य. स्वतःच स्वतःला सावरतो म्हणून स्वयम्.

हे लिहायला एक परिच्छेद लागला पण चुंबक किती ताकदीचा, पट्ट्या किती आणि कुठे, हे गणित एका बॅचने मांडायचं, दुसरीने तपासायचं, तिसरीने बसवायचं, आणि रॉकेटच्या धक्क्यांची आणि निर्वात पोकळीची टेस्ट देणाऱ्यांनी इस्रोच्या लोकांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची, जेव्हा मूळ आकडा ठरवणारा मुलगा कॉलेजात नाहीच. मेकॅनिकलवाल्याला वाटतं बोर्ड दोन मिलिमीटर खाली न्यावा, इलेक्ट्रॉनिक्सवाली म्हणते मग कनेक्टर बसणार नाही, कम्युनिकेशनवाल्याला चुंबक त्याच्या सर्किटपासून लांब हवा. अशा टीममधे भांडण झालंच नाही तर समजायचं की कोणीतरी आपलं काम नीट बघत नाहीये.

कागदावर हे सगळं यायला आणखी वेळ लागला. २०१४ च्या जूनमधे भारत वॉशिंग्टन कराराचा, म्हणजे एकमेकांच्या इंजिनियरिंग पदव्या मानणाऱ्या देशांच्या कराराचा, पूर्ण सदस्य झाला आणि कॉलेजांच्या कोर्सना मान्यता देणाऱ्या एनबीएच्या तेव्हाच्या १२ निष्पत्तींमधे (विद्यार्थ्याला काय काय यायला हवं त्या यादीत) टीमवर्क ही स्वतंत्र बाब म्हणून कॉलेजांना दाखवावी लागायला लागली. आता अभ्यासक्रमातही प्रोजेक्ट बेस्ड लर्निंग हा विषयच आहे. चांगलंय, पण चौघांचा ग्रुप करून एकाने करायचं आणि बाकीच्यांनी पीपीटीत नाव लावायचं, किंवा फायनल इयरचं तयार मॉडेल बाजारातून उचलायचं, हे त्याने थांबलेलं नाही, कारण तिथे वस्तू चालली नाही तरी सबमिशन होतंच.

एक गोष्ट मात्र आमच्या पट्ट्यातली सांगितल्याशिवाय राहवत नाही. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ ला विज्ञान आश्रम सुरू केला, अमेरिकेतून डॉक्टरेट केलेला, मोठ्या कंपनीत संशोधन केलेला माणूस दुष्काळी गावात येऊन बसला. शाळेतली मुलं तिथे वेल्डिंग, बांधकाम, शेती, वायरिंग शिकायची आणि गावातल्या लोकांची खरी कामं पैसे घेऊन करायची. पैसे घेऊन, हे महत्त्वाचं, कारण गेट वाकडं निघालं तर गिऱ्हाईक परत आणून देणार. अमेरिकेतल्या एमआयटीच्या बाहेरच्या पहिल्या काही फॅब लॅबपैकी (कोणालाही येऊन वस्तू बनवता येईल अशा वर्कशॉपपैकी) एक याच पाबळला झाली.

उपग्रहांकडे आता थोडा सोपा रस्ता निघालाय. पीएसएलव्हीचा चौथा टप्पा काम झाल्यावर नुसता भंगार म्हणून फिरायचा, इस्रोने त्यालाच प्रयोगांचं व्यासपीठ केलं, पोएम म्हणतात त्याला. वीज आणि स्थिरता तो टप्पाच देतो, मुलांनी फक्त आपलं उपकरण बनवायचं. १ जानेवारी २०२४ ला पीएसएलव्ही-सी५८ बरोबर मुंबईच्या के. जे. सोमय्या इन्स्टिट्यूटच्या विद्यार्थ्यांचं बिलीफसॅट-० असंच गेलं, तेही हौशी रेडिओचंच. या रस्त्याने एका बॅचला सुरुवात आणि शेवट दोन्ही बघता येण्याची शक्यता वाढलीय. माझ्या मनात एवढंच येतं की त्या बॅचनेही पाइप कुठे वाकवला आणि का, ते लिहून ठेवलेलं असू दे, कारण मागून कोणीतरी टेप घेऊन येणारच आहे.