जळणातून फिरणारी खोडकीड : सीमाभागातली पार्श्वभूमी

गावची लक्ष्मी यात्रा ठरली की बेळगाव तालुक्यात पहिली धावपळ जळणाची. खानापूरकडून, चंदगडकडून ट्रॅक्टर भरून ओंडके येतात, परड्यात रचले जातात, पावसाआधी त्यांवर पत्रे पडतात. काही दिवसांतच ढिगाखाली पिवळसर भुशाच्या ढिगुल्या दिसू लागतात. रात्री कान दिला तर आत कुरतडल्याचा आवाजही येतो. झाड तुटलं तरी आतली अळी जिवंत असते.

काजूचंच घ्या. पोर्तुगिजांनी 16व्या शतकात गोव्यात आणलेला काजू घाट चढून चंदगड-खानापूरच्या तांबड्या मातीत रुजला. खोड आणि मूळ पोखरणारा भुंगा हा त्याचा जुना वैरी. मादी बुंध्याच्या सालीच्या भेगांत अंडी घालते, अळी सालीखाली महिनोन्‌महिने वाटा कोरते. बुंध्याशी डिंक आणि भुसा साचतो, पानं पिवळी पडतात, झाड वाळतं. शेवटी अळी खडूसारख्या पांढऱ्या, टणक कवचात कोष करते. कीड लागून मेलेलं झाड मुळासकट काढून नष्ट करा, असं कृषी शास्त्रज्ञ वर्षानुवर्षं सांगत आले आहेत. आपल्याकडे त्याचं जळण होतं. लगेच चुलीत गेलं तर कीड तिथेच संपते. पण दुसऱ्या गावी, कुणाच्या बागेशेजारी रचून ठेवलं, तर कवच फोडून भुंगा तिथे बाहेर पडतो.

हा भुंगा निदान इथलाच. बाहेरून आलेल्या किडीलाही हीच वाट मोकळी आहे, आणि अशी कीड फार लांब नाही. अमेरिका खंडातला, खोडात सुईएवढी भोकं पाडणारा युप्लॅटिपस पॅरेलेलस हा भुंगा गोव्यात काजूवर सापडल्याची नोंद 2014 साली प्रसिद्ध झाली. गोव्याची हद्द खानापूर तालुक्याला लागूनच आहे.

जळणाकडे या नजरेनं पाहायला जग अमेरिकेतल्या एका मोठ्या नुकसानीनंतर शिकलं. पूर्व आशियातला एक हिरवा, चकचकीत भुंगा 2002 साली डेट्रॉइटच्या परिसरात ओळखला गेला. तो बहुधा 1990 च्या दशकातच मालाच्या लाकडी खोक्यांतून आला असावा, असं नंतर लक्षात आलं. त्यानं ॲश जातीची कोट्यवधी झाडं मारली. स्वतःच्या पंखांवर तो काही मैलच जातो. सहलीला निघालेल्या माणसांच्या गाडीतल्या सरपणातून मात्र तो शेकडो मैल पुढे पोचला. 2008 पासून तिथे ‘सरपण हलवू नका’ अशी मोहीम सुरू झाली. तरी 2021 च्या आरंभी सरकारनं या भुंग्यासाठीचे देशव्यापी वाहतूक निर्बंध उठवले. एवढ्या पसरलेल्या किडीपुढे ते टिकले नाहीत. मला या सगळ्या इतिहासातली हीच गोष्ट सर्वांत जास्त टोचते.

खोक्यांच्या लाकडाचा बंदोबस्त 2002 साली ठरला. गाभ्यापर्यंत 56 अंश सेल्सिअस उष्णता सलग 30 मिनिटं द्यायची आणि शिक्का मारायचा, हा आंतरराष्ट्रीय नियम तेव्हाचा. गावागावांत फिरणाऱ्या सरपणाला तो लागू नाही.

आपल्याकडे 1914 चा विध्वंसक कीटक व कीड कायदा आहे. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात कीड जाऊ नये, हे त्याच्या उद्देशातच लिहिलेलं आहे. पण त्याचा सगळा रोख शेतातल्या पिकांकडे. देशांतर्गत निर्बंध आले ते सफरचंद, बटाटा, कॉफी, केळी यांच्या कीड-रोगांवर. वनोपजाच्या वाहतुकीवर 1927 चा वन कायदा आणि कर्नाटकचा 1963 चा कायदा लक्ष ठेवतात, तेही महसूल आणि चोरीच्या काळजीनं. परवान्यावर जात, माप, मालक, कुठून कुठे, एवढं असतं. सालीखाली काय आहे, हा प्रश्न त्यात नसतो.

त्यात 1 नोव्हेंबर 1956 ला बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूरमध्ये गेला आणि त्यातला चंदगड तालुका मुंबई राज्यातच राहिला. एकाच रानाला दोन वन खाती मिळाली. सोयरीक आणि बाजार मात्र जुनेच राहिले, आणि जळणाचे ट्रॅक्टरही त्याच वाटांनी येत राहिले. एका बाजूला वाळलेल्या काजूची खबर दुसऱ्या बाजूच्या बागायतदाराला कळवायची कुणी, हे कुठेच ठरलेलं नाही.

म्हणून यंदा आमच्या वाड्यात यात्रेचं जळण शिवारातल्याच वाळलेल्या झाडांचं घ्यायचं, उन्हाळ्यातच साल काढून फोडायचं आणि काढलेली साल त्याच दिवशी जाळायची, असं ठरवलं आहे.