काचेच्या बाटल्यांची पुनर्प्रक्रिया: एकाच पेटीचा निर्णय आणि त्याचे परिणाम

फुटकी काच भट्टीत परत टाकण्याची पद्धत रोमन काळापासून आहे. त्यामागे पर्यावरणाचा विचार नव्हता. चुरा घातला की नव्या मालाचं मिश्रण कमी आचेवर वितळतं, एवढं कारण कारागिराला पुरेसं होतं. 1903 च्या सुमारास बाटल्या बनवणारं स्वयंचलित यंत्र आलं आणि सारख्या मापाच्या बाटल्या ढिगाने निघू लागल्या. तरी त्यानंतरची कित्येक दशकं बाटली परत घ्यायची, धुवायची आणि पुन्हा भरायची हाच रिवाज होता.

तो मोडला दुसऱ्या महायुद्धानंतर, एकदा वापरून फेकायच्या बाटल्या आणि डबे आल्यावर. त्यावर पहिली प्रतिक्रिया बंदीची होती. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्याने 1953 मध्ये परत न घेतल्या जाणाऱ्या बिअरच्या बाटल्यांवर बंदी घातली. ती टिकली नाही. ओरेगॉन राज्याने 1971 मध्ये अनामत रकमेचा (बाटली परत केली की आगाऊ घेतलेले पैसे परत) कायदा केला, तो मात्र टिकला. ब्रिटनमध्ये 1977 पासून रस्त्याकडेला पांढऱ्या (म्हणजे रंगहीन), हिरव्या आणि तपकिरी काचेचे वेगवेगळे कप्पे असलेले मोठे डबे उभे राहू लागले. लोकांना तिथवर चालत जावं लागे, पण काच रंगानुसार वेगळी आणि बरीचशी स्वच्छ मिळे.

या स्वच्छतेचं महत्त्व भट्टीपाशी कळतं. भट्टी सुमारे 1500 अंश सेल्सिअसला चालते आणि दहा-पंधरा वर्षं विझवली जात नाही. मिश्रणात दर दहा टक्के चुरा वाढवला की ऊर्जा साधारण अडीच ते तीन टक्के वाचते. कच्च्या मालातली चुनखडी आणि सोडा अ‍ॅश तापून सुटणारा कार्बन डायऑक्साइडही कमी होतो. एक टन चुरा सुमारे 1.2 टन कच्च्या मालाची जागा घेतो. पण हे सगळं चुरा निवडलेला असेल तरच. कपबशीचा तुकडा त्या तापमानाला पूर्ण विरघळत नाही. तो बाटलीच्या भिंतीत खडा होऊन बसतो आणि बाटली तिथेच तडकते. ओव्हनमधल्या भांड्याची काच त्याहून फसवी, कारण ती दिसते अगदी बाटलीसारखी. झाकणाचं अ‍ॅल्युमिनियम सिलिकातला प्राणवायू ओढून घेतं आणि मागे सिलिकॉनचे बारीक गोळे उरतात; काच निवताना त्यांच्याभोवती चिरा पडतात. शिसं तळाशी उतरून भट्टीच्या विटा पोखरतं. म्हणूनच भट्टीवाले टनामागे दगड-चिनीमातीचे काही ग्रॅमच खपवून घेतात.

हे ठाऊक असूनही 1990 च्या दशकात अमेरिकेतल्या अनेक शहरांनी कागद, प्लॅस्टिक, डबे आणि काच एकाच पेटीत गोळा करण्याचा निर्णय घेतला. त्यांचा हिशेब सोपा होता. गाडी एकच लागते, माल दाबून भरता येतो, फेऱ्या कमी होतात आणि घरटी गोळा होणारं वजन वाढतं. वाढलंही. समर्थक आजही याच आकड्यावर बोट ठेवतात, आणि कागद-डब्यांपुरतं त्यांचं म्हणणं खोटं नाही. काचेचं मात्र यात नुकसानच झालं. ती गाडीत फुटते, दाबताना आणखी फुटते, निवड केंद्रात ओतताना तिसऱ्यांदा फुटते. पहिल्याच चाळणीतून तिचे तुकडे खाली पडतात आणि त्यांच्याबरोबर झाकणं, कागदाचे कपटे, हाडं, बॅटऱ्या, माती असं जे जे लहान ते सगळं पडतं. कॅमेऱ्याने रंग ओळखून हवेच्या झोताने तुकडे उडवणारी यंत्रं आहेत, पण तुकडा सेंटिमीटरपेक्षा लहान झाला की त्यांची अचूकता घसरते. काचेची कच चाळण्यांच्या चकत्या आणि पट्टे झिजवते; कागदाच्या गठ्ठ्यात गेली तर कागद गिरणीही तक्रार करते. शेवटी या मालाचा बराच भाग कचराभूमीवर रोजचा थर झाकायला जाई, आणि केंद्रांना तो न्यायलाही वर पैसे मोजावे लागत.

तरीही तो अनेक अहवालांत ‘पुनर्प्रक्रिया झालेली काच’ म्हणून मोजला जाई, कारण मोजणी दारात आलेल्या मालाची होती. एका पेटीवरच्या वादाचं मूळ तिथे आहे. युरोपीय संघाने 2018 मध्ये काचेच्या वेष्टनांसाठी 2025 पर्यंत 70 टक्के आणि 2030 पर्यंत 75 टक्के अशी उद्दिष्टं ठरवली. 2019 मध्ये मोजणीची जागाही पुढे सरकवली: निवडून झालेली, आणखी प्रक्रिया न करता भट्टीत जाईल तेवढीच काच धरायची. मात्र गाळण माध्यम, घासकाम, काचतंतू आणि बांधकाम साहित्यात जाणारी काचही त्यात चालते. बाटलीची पुन्हा बाटली होणं आणि बाटलीची वीट होणं यांना एकच गुण मिळतात. ही सवलत जरा जास्तच उदार आहे.

2019 मध्येच व्हर्जिनियाच्या उत्तर भागातल्या काही स्थानिक संस्थांनी काच पुन्हा वेगळी करून जांभळ्या पेट्यांत घ्यायला सुरुवात केली. त्याने माती-कागदाचा प्रश्न बराचसा सुटतो, रंगाचा नाही. हिरव्या बाटलीत 90 टक्क्यांपर्यंत चुरा घालता येतो, पण पांढऱ्या काचेत हिरवी थोडी जरी गेली तरी क्रोमियममुळे छटा येते. ब्रिटनसारखा देश वाइन हिरव्या बाटल्यांतून आयात करतो आणि मद्य पांढऱ्या बाटल्यांतून निर्यात करतो. त्यामुळे तिथे हिरव्या चुऱ्याचा साठा उरतो, आणि पांढऱ्या चुऱ्याची चणचण असते.