जबड्याच्या फ्रॅक्चरनंतरची बुरशी: प्लेट ठेवायची की काढायची?

म्युकर गटाच्या बुरशीमुळे माणसाला होणाऱ्या आजाराचं (म्युकरमायकोसिस, लोकांच्या बोलण्यातला ‘ब्लॅक फंगस’) वर्णन १८८५ साली झालं, पण औषध मिळायला १९५०चं दशक उजाडलं. व्हेनेझुएलाच्या मातीतल्या एका जिवाणूपासून मिळालेलं अँफोटेरिसिन आजही पहिलं औषध आहे. १९७९मध्ये आपल्याकडेच आंब्याच्या बागेतल्या मातीत या गटातली आणखी एक बुरशी सापडली. ती धडधाकट माणसालाही जखमेतून गाठते. २०११मध्ये अमेरिकेत मिसुरीतल्या टॉर्नेडोनंतर अशाच बुरशीने १३ जखमींना ग्रासलं, त्यातले ५ दगावले.

इंदूरला मात्र हा आजार घरोघरी कळला तो २०२१मध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत. तेव्हापासून डोक्यात बसलं ते एवढंच: शुगर आणि स्टेरॉइड. शहरातल्या एबी रोडवर गाडी घसरून गाल फुटलेला, जखमेत माती गेलेला पंचविशीतला मुलगा या चौकटीत बसत नाही, म्हणून त्याची जखम आठवडाभर निव्वळ अँटिबायोटिकवर राहते. हे थांबायला हवं.

खरा वाद प्लेटचा, म्हणजे मोडलेलं हाड जोडायला स्क्रूने बसवलेल्या धातूच्या पट्टीचा. १९७०च्या दशकात फ्रान्समधून छोट्या प्लेटची पद्धत पुढे आली आणि जबडा महिनाभर तारेने बांधून ठेवायची गरज बरीच कमी झाली. पण त्याच हाडात बुरशी शिरली तर? ती रक्तवाहिन्यांत घुसून त्या बंद पाडते. रक्त पोचत नाही तिथे इंजेक्शनही पोचत नाही, म्हणून मेलेलं हाड आणि मांस खरवडून काढावंच लागतं. अशा हाडावरची, स्क्रू सैल झालेली प्लेट ठेवण्यात अर्थ नाही, यावर फारसं दुमत नाही. मतं फुटतात ती प्लेट घट्ट असेल आणि फ्रॅक्चर अजून जुळलेलं नसेल तेव्हा. काहींच्या मते ती काढली की जबडा हलतो आणि जखम चिघळते. मला दुसरी बाजू पटते: बुरशी प्लेटखालच्या हाडात सापडली असेल तर प्लेट काढावी, दात तारेने बांधावेत किंवा बाहेरून आधार द्यावा. वाकडा जुळलेला जबडा पुढे सुधारता येतो.

अँफोटेरिसिननंतर पोसाकोनाझोल आणि आयसाव्हुकोनाझोल ही बुरशीविरोधी औषधं आली, त्यामुळे पुढचे महिने गोळ्यांवर निभावतात. व्होरिकोनाझोल हे त्यांच्यासारखंच औषध ॲस्परजिलस या वेगळ्या बुरशीवर उत्तम, म्युकरवर निरुपयोगी. म्हणून बुरशी कोणती हे आधी कळायला हवं. केओएच तपासणीत (जखमेतला तुकडा पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं) रुंद, फितीसारखे धागे त्याच दिवशी दिसू शकतात. कल्चरसाठी, म्हणजे बुरशी प्रयोगशाळेत वाढवून ओळखण्यासाठी, मात्र तुकडा सलाइनमध्ये वेगळा पाठवावा लागतो. सगळाच फॉर्मेलिन या नमुना टिकवायच्या द्रवात टाकला तर त्यातून काहीही उगवत नाही.