लंडनहून मुंबईला जायचं तर नाक थेट पूर्वेला

लंडन मुंबईच्या ३२ अंश उत्तरेला आहे. तरीही लंडनच्या हीथ्रो विमानतळावरून मुंबईचा सर्वांत जवळचा मार्ग धरायचा तर विमानाचं नाक सुरुवातीला आग्नेयेला नको, जवळजवळ थेट पूर्वेला हवं. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून बघणाऱ्याला हे पटणार नाही. पृथ्वीगोलावर दोन्ही शहरांमध्ये दोरा ताणला की पटतं. दोरा बृहद्‌वृत्तावर, म्हणजे पृथ्वीचे बरोबर दोन अर्धे करणाऱ्या वर्तुळावर, बसतो आणि युक्रेन, काळा समुद्र, कॉकेशस, इराण असा उतरत येतो. नकाशावरची सरळ रेघ सुमारे ७,४०० किलोमीटर भरते, दोरा ७,२००.

हा आकडा स्वतः काढता येतो. मुंबई विमानतळ १९.०९ उत्तर, ७२.८७ पूर्व, हीथ्रो ५१.४७ उत्तर, ०.४५ पश्चिम. एक रेखांश पूर्व आणि एक पश्चिम, म्हणून फरकासाठी बेरीज करायची: ७३.३२. दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार ०.२५६ येतो. त्यांच्या कोसाइनच्या गुणाकाराला ७३.३२ च्या कोसाइनने गुणलं की ०.१६९. बेरीज ०.४२५. हा कोसाइन असलेला कोन ६४.८६ अंश, एका अंशाला १११.२ किलोमीटर धरून अंतर ७,२१२. भलतंच उत्तर आलं तर बहुधा कॅल्क्युलेटर अंशांऐवजी रेडियनवर (कोन मोजण्याचं दुसरं एकक) असतो. एक्सेल तर कोन रेडियनमध्येच मागतं.

आता वेळ. मोठं जेट हवेतून ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास जातं, म्हणजे आठ तास. मुंबईहून लंडनला मात्र साडेनऊ-दहा तास लागतात. एक तर दोऱ्याचा मार्ग मोकळा नाही: युक्रेनचं आकाश फेब्रुवारी २०२२ पासून बंद आहे, आणि पाकिस्तानने २४ एप्रिल २०२५ रोजी भारतीय विमानांना आपली हद्द बंद केली. वळसा आला. दुसरं, वेळापत्रकातला वेळ दाराशी सुरू होऊन दाराशी संपतो. धावपट्टीकडे जाणारी रांग आणि हीथ्रोभोवतीच्या घिरट्या त्यातच धरलेल्या असतात.

तिसरं कारण वारा. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर जेट प्रवाह, म्हणजे वेगवान वाऱ्याचे अरुंद पट्टे, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. हिवाळ्यात त्यांच्या गाभ्यात वेग ताशी २०० च्या वर जातो. लंडनला जाताना ते समोरून येतात, परतताना पाठीमागून. (समोरच्या पडद्यावर ताशी १,००० दिसलं म्हणून विमान ध्वनीच्या वेगाजवळ पोचत नाही. तो वेग जमिनीच्या मानाने असतो.) जाताना गेलेला वेळ येताना भरून निघतो, असं मानू नका. समजा वारा १०० चा आहे: जाताना ७,२०० भागिले ८०० म्हणजे ९ तास, येताना ७,२०० भागिले १,००० म्हणजे ७.२. बेरीज १६.२, बिनवाऱ्याची १६. बारा मिनिटं कायमची गेली, कारण उलटा वारा जास्त वेळ सोसावा लागतो.

तिकिटावरच्या वेळा स्थानिक असतात. मुंबई लंडनच्या साडेपाच तास पुढे असते, आणि मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत साडेचार. लोक हमखास चुकतात ते इथेच. उन्हाळ्यात मुंबईहून १३:०० ला निघून लंडनला १८:०० ला पोचणारं विमान पाच तासांचं नाही, साडेनऊ तासांचं आहे. फरक लक्षात राहत नसेल तर दोन्ही बाजूंच्या वेळा घ्या. परतीचं विमान २०:०० ला निघून दुसऱ्या दिवशी ९:३० ला पोचत असेल तर ५ आणि १३.५ मिळून १८.५ तास. घड्याळांचा फरक आपोआप उडतो. हा येण्याजाण्याचा खरा वेळ.